दिवाळीची साठ फुलकार्डं: शिक्के, शाई आणि कागदाच्या नोंदी

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

काम: दिवाळीसाठी हाताने छापलेली साठ कार्डं. झेंडूची २५, प्राजक्ताची २०, जास्वंदीची १५. यंदा वसुबारस १७ ऑक्टोबरला आहे. सोमवारी १३ तारखेला पाकिटं टपालात पडायला हवीत. हातात सहा आठवडे आहेत आणि त्यातले निदान चार पुण्याच्या पावसाचे, म्हणजे कागद सादळलेला आणि शाई वाळायला आळशी. सगळं वेळापत्रक हे धरूनच लावलं आहे.

माप ठरलं. ए-४ कागद मधोमध कापायचा, प्रत्येक अर्ध्याला घडी घालायची, की १०५ × १४८ मिमीचं उभं कार्ड मिळतं. ते सी-६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) बसतं. साठ कार्डांना ३० कागद, चार जास्तीचे. फूल मात्र कार्डावर थेट छापायचं नाही. ९५ × १३८ मिमीचे वेगळे तुकडे कापून त्यांवर छापायचं आणि ते कार्डावर चिकटवायचे. एका ए-४ मधून असे चार तुकडे निघतात. थेट छापताना शेवटचा ठसा बिघडला तर अख्खं कार्ड जातं, इथे पाव कागद जातो. ८० तुकडे कापायचे आहेत, त्यातले वीस वाया जातील असं धरूनच. प्राजक्ताचे २६ गडद निळ्या कागदाचे, बाकीचे ५४ पांढऱ्या कागदाचे.

कार्डाला ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम), तुकड्यांना २५० जीएसएम, दोन्ही गुळगुळीत पण चकाकी नसलेले. दुकानात ‘कार्डशीट’ म्हटलं की बऱ्याचदा आर्ट कार्ड पुढे येतं. त्यावर मुलामा असतो, शाई आत मुरत नाही, वर तरंगत राहते. ओळखायची सोपी खूण: कोपऱ्याला बोट किंचित ओलं करून लावायचं. साध्या कागदावर ओल लगेच शोषली जाते, आर्ट कार्डावर क्षणभर चकचकीत थेंब राहतो.

कागदाचा ग्रेन आधी पाहून घेतला. गिरणीच्या कागदात तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात आणि घडी त्या दिशेला समांतर हवी. आडवी गेली तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो आणि कार्ड मिटून राहत नाही. ए-४ कागद न मोडता आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवून पाहायचा. बाक ज्या बाजूला समांतर असताना कागद सहज वाकतो, तिकडे ग्रेन. आणलेल्या गठ्ठ्यात तो २९७ मिमीच्या बाजूला समांतर निघाला, म्हणजे आपल्या कामाला नेमका. अर्धा कापून घडी घातली की घडी ग्रेनच्या दिशेने पडते, आणि तुकड्याची उभी बाजूही त्याच दिशेला येते. हे दोन्ही जुळणं महत्त्वाचं आहे. कार्डाचा ग्रेन उभा आणि वरच्या तुकड्याचा आडवा असेल, तर दमट हवेत दोघं वेगवेगळ्या दिशेला फुगतात आणि चिकटवलेलं कार्ड होडीसारखं वाकतं.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून केलेला कागदही तपासला. हात लावावासा वाटणारा कागद आहे. भरीव ठसा त्यावर सुंदर दिसतो, थोडा विरलेला, लुगड्यावरच्या जुन्या छपाईसारखा. पण बारीक रेघ खळग्यांत तुटते. झेंडूच्या पाकळ्यांच्या रेघा त्यावर अर्ध्याच उमटल्या. या कामाला नाही घेतला.

रविवार, ३१ ऑगस्ट

शाईची चाचणी. एकच शिक्का, चार शाया, तीन कागद, म्हणजे बारा ठसे. प्रत्येकाखाली वेळ लिहिली.

डाय शाई: साध्या कागदावर मिनिटभरात बोटाला लागेनाशी झाली. पारदर्शक असते, पिवळ्यावर निळा मारला की हिरवा दिसतो. पाण्याचा थेंब टाकला तर पसरते. पिगमेंट शाई: रंगाचे कण कागदावर बसतात, त्यामुळे रंग दाट, पण वाळायला वेळ. काल रात्री नऊला मारलेला ठसा आज संध्याकाळी पाचला घासला तर अजून डाग पडला. आर्ट कार्डावर तर ती वाळेल असं वाटतच नाही. सॉल्व्हंट शाई (स्टेझऑन) सगळीकडे काही सेकंदांत वाळली, आर्ट कार्डावरसुद्धा, पण कडा किंचित फुटल्या आणि वास उग्र. ऑफिसच्या जांभळ्या स्टॅम्प पॅडची शाईही मुद्दाम तपासली, कारण घरात तीच असते. ती पॅडवर ओली राहावी म्हणून बनवलेली असते आणि कागदावरही बराच वेळ ओलसर राहते. फुलाच्या भरीव पाकळीला ती नको. मागच्या बाजूला उतरते, आणि कार्डावर कार्ड ठेवलं की वरच्याला लागते.

निर्णय: झेंडू आणि जास्वंद डाय शाईत, कारण तिथे रंगावर रंग चढवायचा आहे. प्राजक्ताचं वेगळं पाहावं लागेल, पांढरं फूल आहे.

उजेडाचीही चाचणी लावली. लाल, गुलाबी, केशरी, हिरवा असे डाय आणि पिगमेंटचे पट्टे छापले, अर्धे काळ्या कागदाने झाकले आणि खिडकीच्या काचेला लावले. तीन आठवड्यांनी पाहायचं.

रविवार, ७ सप्टेंबर

झेंडूचे शिक्के. बाजारात तयार मिळतात, पण त्यातले बरेच परदेशी डेझीच्या वळणाचे असतात, पाकळ्या चपट्या आणि मधे बटण. आपल्या तोरणातला झेंडू गच्च भरलेला असतो, मधलं बटण दिसतच नाही. म्हणून कोरायचं ठरवलं.

एक फूल उकलून कागदावर मांडलं. बाहेरच्या पाकळ्या रुंद, टोकाला दोन-तीन लाटा. आत जावं तशा लहान आणि उभ्या होत जातात, आणि अगदी मधे नुसत्या दुमडलेल्या कडा दिसतात. याचे तीन शिक्के होतात. पहिला भरीव, लहरी कडेचा गोळा, ४२ मिमी. दुसरा पाकळ्यांमधल्या सावल्यांचा. तिसरा मधल्या गच्च भागाच्या बारीक कमानींचा. राजस्थानातल्या सांगानेर-बगरूच्या कापडछपाईत एका फुलाला असेच वेगवेगळे ठसे असतात: बाह्यरेषेची रेख, जमिनीची गद, आत भरायचा दत्ता. विचार तोच आहे.

कोरायला मऊ रबराची शीट वापरली. नुसता सराव करायचा तर नटराज किंवा अप्सराचं साधं पांढरं खोडरबरही चालतं. ट्रेसिंग पेपरवर २बी पेन्सिलीने फूल काढायचं, कागद रबरावर उलटा ठेवायचा, मागून चमच्याच्या पाठीने घासायचं. चित्र उलटं उतरतं आणि ठसा सुलटा येतो. तिन्ही शिक्क्यांना एकच ट्रेसिंग वापरलं. वेगळं काढलं तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो तिसऱ्या ठशाला दोन मिमीचा झालेला असतो.

व्ही आकाराचं हत्यार रेघेच्या बाहेरच्या बाजूला कलतं धरायचं. उभी राहणारी रेघ पायाशी रुंद आणि माथ्याला बारीक व्हायला हवी, डोंगराच्या धारेसारखी. हत्यार आतल्या बाजूला कललं तर रेघेखालचं रबर पोखरलं जातं. अशी रेघ दाबल्यावर लवते, ठसा हलल्यासारखा येतो आणि आठ-दहा छापांत तुकडा पडतो. दुसऱ्या शिक्क्यावर एका पाकळीत हेच झालं. जोडता येत नाही, पूर्ण शिक्का नव्याने कोरला. वळणावर हात फिरवायचा नाही, रबर फिरवायचं. खोली दोन मिमी पुरे. मोकळ्या जागेतले कोरल्याचे उंचवटे राहिले तर शाई धरतात आणि फुलाभोवती खरखरीत रेघा उमटतात. काहींना त्या आवडतात. झेंडूला त्या केसाळ दिसतात, सपाट करून घेतल्या.

तिन्ही शिक्क्यांच्या पाठीवर ‘वर’ अशी बाणाची खूण बॉलपेनने.

रविवार, १४ सप्टेंबर

झेंडूचे चाचणी ठसे, चाळीसेक. आजचा दिवस सगळ्यात उपयोगाचा गेला.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी पिवळा गोळा, त्यावर केशरी सावल्या, शेवटी मध्यभागी तांबूस. डाय शाई पारदर्शक असल्यामुळे तीन पॅडमधून पाच छटा निघतात, कारण केशरी जिथे पिवळ्यावर चढतो तिथे वेगळा आणि कोऱ्या कागदावर पडतो तिथे वेगळा. आणखी एक फिकी छटा हवी असेल तर नवीन पॅड लागत नाही. शिक्क्याला शाई लावून पहिला ठसा रद्दी कागदावर मारायचा, पुन्हा शाई न लावता दुसरा ठसा कार्डावर. मागच्या बाजूची, लांबची वाटावी अशी दोन फुलं याच पद्धतीने छापली. खोली लगेच दिसली.

पहिले दहा ठसे मात्र खराब होते. कडेला गडद रेघ आणि मधे फिकट, गव्हाळ डाग. शिक्का पॅडवर जोरात दाबला जात होता. त्याने शाई कडांवरून खाली गळते आणि छापताना बाहेर पिळली जाते. उलट करायचं: शिक्का रबर वर करून टेबलावर ठेवायचा आणि पॅड त्यावर हलकेच आठ-दहा वेळा थोपटायचा, पोळीला तूप लावल्यासारखा. मग शिक्का तिरका धरून उजेडात पाहायचा. सगळा पृष्ठभाग सारखा ओलसर चमकला पाहिजे, एक साय धरल्यासारखी. कुठे कोरडा ठिपका असेल तर तो कागदावर पांढरा ठिपका होणारच. कुठे शाई साठून फुगीर दिसली, तर तिथे कड फुटणार. ही दोन सेकंदांची पाहणी केल्यापासून वाया जाणारे ठसे निम्म्यावर आले.

दाबताना सरळ खाली, तीनपर्यंत मोजायचं, सरळ वर. शिक्का डोलवला की फुलाला दुहेरी कड येते. भरीव शिक्क्याला संपूर्ण तळहाताचं वजन, बारीक रेघेच्या शिक्क्याला फक्त बोटांचं. कागदाखाली दोन मिमी फोमची शीट ठेवली, त्याने टेबलाचा खडबडीतपणा ठशात उतरत नाही.

शिक्के पारदर्शक ॲक्रिलिक ब्लॉकवर लावले, ग्लू डॉट नाही, धुता येणारी चिकट शीट. शिक्क्याचं रबर अपारदर्शक असलं तरी ब्लॉकच्या कडांवर केलेल्या चार खुणा आणि कागदावरच्या चार पेन्सिल टिंबांनी ठसा जागेवर बसतो. झेंडू क्षमाशील फूल आहे, एक मिमी सरकला तरी वाईट दिसत नाही, उलट जिवंत वाटतो.

शनिवार, २० सप्टेंबर

जास्वंद तशी क्षमा करत नाही. पाच मोठ्या पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली दबलेली, आणि मधून बाहेर आलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला पाच ठिपके. एक ठसा सरकला तर डोळा तिथेच अडतो. म्हणून हिचे शिक्के हाताने न कोरता रबर स्टॅम्पवाल्याकडून करून घेतले. त्याला काळ्या-पांढऱ्यात चित्र द्यायचं, करडी छटा नाही. सर्वात बारीक रेघ अर्धा मिमी ठेवली. त्याहून बारीक रेघ रबरात उभी राहत नाही, आणि दोन रेघांमधली जागा त्याहून कमी असेल तर शाईने भरून जाते.

पानांसाठी मात्र तयार क्लिअर (पारदर्शक प्लास्टिकचा) शिक्का घेतला. नव्याकोऱ्या क्लिअर शिक्क्यावर शाई ठरली नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा झाली. साच्यातून निघताना त्यावर तेलकट थर राहतो. पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासून घेतला, धुतला, वाळवला. तिसऱ्या ठशापासून नीट आला. सँडपेपर लावू नये, चरे कायमचे राहतात.

मुख्य अडचण रंगाची. हिरव्या पानावर लाल पाकळी चढली की तिथे तपकिरी. लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात, पारदर्शक शाईत तर हमखास. आणि दांड्यावरचे पिवळे परागकण लालवर दिसतच नाहीत. दोन्हीला उपाय एकच: झाकून छापणं. जे सगळ्यात पुढे, ते आधी छापायचं. आधी पिवळा-तांबडा दांडा, तो झाकायचा. मग पाकळ्या, त्या झाकायच्या. मग पानं. झाकायला, म्हणजे मास्क म्हणून, चिकट चिठ्ठ्यांचा कागद, कारण तो पातळ असतो आणि शाई वाळलेली असेल तर ओढत नाही. त्यावर तोच ठसा मारून कात्रीने कापायचा, पण रेघेवर नाही, रेघेच्या अर्धा मिमी आतून. बाहेरून कापला तर फुलाभोवती पांढरी कड राहते आणि पान फुलामागून येण्याऐवजी फुलाला भिऊन थांबल्यासारखं दिसतं. कापताना चिकट पट्टी मास्कच्या मध्यावर येईल असं पाहायचं, नाहीतर टोकं उचलली जातात आणि शाई खाली शिरते. एक मास्क आठ-दहा छापांना पुरतो. मग कडा शाईने फुगतात आणि नवा लागतो.

रविवार, २१ सप्टेंबर

खिडकीतले पट्टे काढले. तीन आठवड्यांत फारसं ऊन नव्हतं, तरी डाय शाईतला गुलाबी आणि लाल झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट फिका झाला. केशरी थोडा. पिगमेंटमध्ये डोळ्याला फरक नाही. जास्वंद डायमध्येच छापायची, कारण चढते रंग हवेत, पण आत एक ओळ लिहायची: कार्ड थेट उन्हात ठेवू नये.

आता प्राजक्त. या एका फुलाने सगळ्यात जास्त कागद खाल्ला.

पांढऱ्या कागदावर पांढरं फूल म्हणजे नुसती बाह्यरेषा. प्राजक्त पहाटे ओल्या मातीवर पडलेला पाहायचा असतो, त्याला गडद जमीन पाहिजेच. म्हणून गडद निळा कागद, २५० जीएसएमचाच. शिक्का कोरताना सहा पाकळ्या घेतल्या (पाच ते आठ असतात). पाकळीच्या टोकाला खाच आणि किंचित पीळ, भिंगरीसारखा. हा पीळ चुकला तर मोगरा दिसतो. मधे चार मिमीचं भोक सोडलं, देठाच्या केशरीसाठी.

पहिला प्रयत्न: पांढरी पिगमेंट शाई. ओली असताना लख्ख, वाळल्यावर राखी. शाई कागदात बसते आणि खालचा निळा वर येतो. एकावर एक दोन ठसे मारले, थोडं सुधारलं, पण कडा दुप्पट झाल्या. दुसरा प्रयत्न: एम्बॉसिंग, म्हणजे ठशावर पावडर वितळवून उठाव आणणं. चिकट पारदर्शक शाई (व्हर्सामार्क), वर पांढरी एम्बॉसिंग पावडर, मग हीट गन (गरम हवेचा झोत). रंग लख्ख मिळाला, फूल किंचित उठावदार. पण आजूबाजूला पांढऱ्या कणांचा सडा. गडद कागदावर एकेक कण तारा होऊन बसला.

कारण दमट हवा. सादळलेल्या कागदाला पावडर कुठेही धरते. हाताच्या घामाच्या ठिकाणी तर बोटांचे ठसेच उमटले. तीन गोष्टी केल्या. शाई लावण्याआधी कागदावरून हीट गन पाच सेकंद फिरवून तो कोरडा केला. मलमलच्या फडक्यात कॉर्नफ्लोअर आणि टाल्कम पावडर निम्मी निम्मी बांधून पुरचुंडी केली आणि ती कागदावर हलकेच फिरवली. आणि पावडर झटकल्यावर, गरम करण्याआधी, उरलेले कण कोरड्या बारीक ब्रशने उचलले. एकदा वितळले की ते निघत नाहीत, म्हणून हे घाईत करायचं काम नाही.

हीट गन आधी कागदापासून दूर पंधरा-वीस सेकंद तापवायची. थंड झोत आधी लागला तर पावडर उडते. मग चार-पाच सेंटिमीटरवरून. पाहायला सुंदर असतं: खरखरीत साखरेसारखी पावडर एका टोकापासून गुळगुळीत आणि ओलसर चमकदार होत जाते, दुधावर साय धरावी तशी. चमक आली की गन तिथून हलवायची. दोन सेकंद जास्त झाले तर पावडर कागदात मुरते, उठाव जातो आणि भोवती तेलकट डाग पडतो. हेअर ड्रायर चालत नाही, वारा जास्त आणि ताप कमी. गन नसेल तर इस्त्री उलटी घट्ट बसवून, सुतीच्या तापावर, कार्ड तिच्यावर धरून खालून ताप देता येतो. चित्र वर, इस्त्री खाली.

केशरी देठासाठी केशरी पिगमेंट शाई निळ्यावर मळकट आली. शेवटी पेन्सिलीच्या टोकाचं खोडरबर तीन मिमीपर्यंत तासून त्याचा शिक्का केला, मधल्या भोकात चिकट शाईचा ठिपका, त्यावर केशरी एम्बॉसिंग पावडर, पुन्हा ताप. थंड झालेल्या पांढऱ्या पाकळ्यांवर केशरी कण धरत नाहीत, ब्रशने झटकले की जातात. पांढरं मात्र पूर्ण थंड झालेलं हवं.

अकरा तुकडे वाया गेल्यावर बारावा मनासारखा आला. निळ्याचे आणखी तीन कागद, म्हणजे बारा तुकडे, कापून ठेवले.

शनिवार, २७ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. छपाई नाही. कापलेले तुकडे आणि कागद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केले, पावडरच्या बाटल्याही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

झेंडू आज घरोघर आहे, त्यामुळे दुपारी खिडकीजवळ खरं फूल आणि छापलेलं फूल शेजारी ठेवून पाहिलं. छापलेला मध्यभाग फार तांबूस होता. खऱ्या केशरी झेंडूत मधली सावली तपकिरी नसते, दाट केशरीच असते. तांबूस-मरून डाग लहान जाफरी झेंडूच्या पाकळ्यांवर असतात. तिसऱ्या शिक्क्याची शाई बदलली: तांबूसऐवजी दुसऱ्यांदा केशरीच, पूर्ण भरलेली. फूल एकदम ताजं दिसलं. १५ फुलं अशी, १० जाफरीची पिवळ्यावर मरून ठेवली.

शनिवार–रविवार, ४ आणि ५ ऑक्टोबर

पूर्ण छपाई. कार्डामागून कार्ड पूर्ण करायचं नाही, ठशामागून ठसा. पिवळा गोळा सगळ्या झेंडूंवर एकदम, मग केशरी सगळ्यांवर. शिक्का वारंवार धुवावा लागत नाही आणि एका रंगाची भर सगळीकडे सारखी राहते.

जागा सारखी यावी म्हणून पुठ्ठ्याचा काटकोन टेबलाला चिकटवला. तुकडा त्याच्या कोपऱ्यात सरकवायचा, ब्लॉकची कड पुठ्ठ्यावरच्या खुणेला लावायची. स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म (शिक्का एका जागी धरून ठेवणारी चौकट) असेल तर तो उत्तमच, विशेषतः ठसा फिका आला तर पुन्हा त्याच जागी मारता येतो. काटकोनाने नव्वद टक्के काम होतं.

दर दहा छापांनंतर शिक्का ओल्या फडक्यावर पुसून कोरड्या फडक्यावर टेकवला. न पुसता चालत राहिलं तर कागदाची धूळ आणि शाई मिळून खाचांत खीर होते आणि बारीक कमानी बुजतात. पिवळ्या पॅडला केशरी शिक्का कधीही लावू नये. एकदा चुकून लागला, तेवढा भाग टिश्यूने टिपून घेतला आणि मग पिवळा टिश्यूवर स्वच्छ उतरेपर्यंत थोपटला. दुपारी केशरी पॅड कोरडा पडायला लागला. रीफिलचे सहा थेंब पसरून टाकून प्लास्टिक कार्डाने सारखे केले आणि दहा मिनिटं थांबलो. लगेच वापरला तर पहिले पाच ठसे फुटतात.

वाया गेलेले: झेंडू २, जास्वंद ४ (तीन मास्कच्या कामात, एक शिक्का हातातून सुटून), प्राजक्त ३. तुकडे पुरले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

घडी आणि जोडणी. कोरड्या बॉलपेनने, स्टीलची पट्टी लावून, आधी घडीची रेघ दाबली. दाबल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत जायला हवा. बहुतेकजण उलट करतात, रेघेच्या खाचेकडे घडी मारतात, आणि जाड कागद कडेला फुटतो. उंचवटा आत घेतला की कागदाला वळायला जागा मिळते. घडी चमच्याच्या पाठीने एकदाच, मधे पातळ कागद ठेवून. नाहीतर कागदावर चमक उठते.

चिकटवायला डबल टेप, सहा मिमी, चार कडांना आणि मधे एक पट्टी. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, त्याने २५० जीएसएमचा तुकडाही लाटा घेतो आणि डाय शाई पसरण्याचा धोका. प्राजक्ताच्या तुकड्यांना गन लागून बाक आला होता. चिकटवण्याआधी ते रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवले, पाठीला पाठ लावून, उठाव एकमेकांवर येऊ नये म्हणून.

मग वजन केलं, आणि इथे खरा घोळ. ३०० जीएसएमचं कार्ड ९.४ ग्रॅम, तुकडा ३.३, आतला लिहिण्याचा ८० जीएसएमचा कागद २.२, पाकीट ४.६. टेप धरून १९.८. साध्या पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. झेंडू-जास्वंद कसेबसे बसले, पण एम्बॉसिंगची पावडर चढलेला प्राजक्त काट्यावर २०.३ आला. बाहेर आणखी तिकीट लावता येतं, पण चुकून कमी लागलं तर घेणाऱ्याला भुर्दंड पडतो. सगळ्याच कार्डांतला आतला कागद काढून टाकला. कार्ड आतून पांढरंच आहे, थेट लिहायचं. हा हिशोब ३० ऑगस्टलाच मांडायला हवा होता, तेव्हा २५० जीएसएमचं कार्ड घेतलं असतं. दीड ग्रॅम तिथेच वाचला असता आणि आतला कागदही राहिला असता.

जाडीही पाहिली. उठाव केवळ पावडरीचा आहे, मोती किंवा लाकडी बटण नाही, त्यामुळे पाकीट शिक्का मारण्याच्या यंत्रात अडकणार नाही. प्राजक्ताच्या पाकिटात फुलावर बटर पेपर ठेवला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

साठही पाकिटं टपालात.

शिक्के धुतले: कोमट पाणी, हात धुण्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. सॉल्व्हंट शाई लावलेला शिक्का वेगळा ठेवला, त्याला पाणी पुरत नाही, त्याच शाईचा क्लिनर लागतो. क्लिअर शिक्क्याला स्पिरिट लावलं नाही, त्याने तो ठिसूळ होतो. केशरी डाग राहिले आहेत, ते ठशात उतरत नाहीत, घासत बसायचं नाही. क्लिअर शिक्के उजेडापासून लांब, डब्यात. खोडरबरावर कोरलेले शिक्के कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पट्टीला किंवा डब्याला टेकवून नाही. खोडरबरातलं तेल प्लास्टिकला चिकटतं आणि काही महिन्यांत दोन्ही एक होऊन जातात.

पॅड उलटे ठेवले, शाई पृष्ठभागाकडे राहावी म्हणून. शिल्लक: केशरी रीफिल अर्धी बाटली, पांढरी पावडर बोटभर, कोरे तुकडे पांढरे ८, निळे ४. झेंडूच्या दुसऱ्या शिक्क्यावर डावीकडून तिसऱ्या पाकळीची रेघ पायाशी बारीक झाली आहे. पुढच्या गणपतीपर्यंत नवा कोरायचा, ट्रेसिंग डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवलं आहे.